रजनी सदाशिव

"ऑपरेशन उलटवून घ्यायचंय का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा रजनीला वाटलं ते मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाशी बोलताहेत. मागे कुणी नव्हतं. यवतमाळच्या त्या दवाखान्यात दुपारचे साडेबारा वाजले होते. डॉक्टर तरुण होता, एक्स-रेची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून पाहत होता, आणि पेनच्या टोकानं दाखवत होता की औषध इथपर्यंत आलं आणि थांबलं, दुसऱ्या बाजूलाही तिथंच थांबलं. दोन्ही नळ्या मधोमध बांधून कापल्या आहेत, म्हणाला. सिझेरियनच्या वेळीच नसबंदी केली असणार, कधी कधी जोडता येतात, पण नागपूरला जावं लागेल. रजनी "हो" म्हणाली. ती हो का म्हणाली हे तिला पुढं कितीतरी दिवस उमगलं नाही. आपल्याच पोटात काय झालं हे आपल्याला ठाऊक नाही, असं एका परक्या पोरसवदा डॉक्टरासमोर कबूल करण्याची लाज वाटली, एवढंच असेल. बाहेर बाकावर अनंत बसला होता, तिची पर्स मांडीवर घेऊन. काय म्हणाले, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, गोळ्या लिहून दिल्यात. म्हणजे पहिलं खोटं तीच बोलली. पण ते बोलताना ती त्याच्या चेहऱ्याकडं असं पाहत होती, जसं अकरा वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसतंय का, एवढंच ती बघत होती. आणि ते तिला दिसलं.

परतीच्या बसमध्ये आर्णीपर्यंत तो झोपला. २००६ चा नोव्हेंबर होता, रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगकडं चालल्या होत्या आणि बस दर अर्ध्या मैलाला मंदावत होती. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर घसरत होतं आणि ती ते बाजूला सारत नव्हती, नुसती त्याच्याकडं बघत होती. हा माणूस आठ वर्षं आपल्यासोबत दवाखान्यांत आला. पुसदच्या वैद्याकडं आला, नांदेडच्या बाईकडं आला, आपण सोळा सोमवार धरले तेव्हा सोमवारी यानंही दिवस चहावर काढला. त्याची आई दर सणाला गावाकडून यायची आणि गुंजनच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, पोरीले भाऊ पायजे वो. तेव्हा हा खाली मान घालून पेपर वाचायचा. एकदा, गुंजन चार वर्षांची असताना, हा म्हणाला होता, एक असली तरी बस आहे. त्या वेळी रजनीला ते ऐकून रडू आलं होतं, हा आपली समजूत घालतोय म्हणून. आता तेच वाक्य बसच्या खडखडाटात तिच्या कानात फिरायला लागलं आणि दर फेरीला त्याचा अर्थ थोडा थोडा बदलत गेला. घरी, महागावला पोचेपर्यंत ते वाक्य कबुलीजबाब झालं होतं.

बाळंतपणाचं तिला फार थोडं आठवत होतं. पहिलं म्हणून ती माहेरी, उमरखेडला होती. निवडणुकीचे दिवस होते. अनंत तहसील कचेरीत कारकून, त्याला ड्युटीतून सुटी नव्हती. दीड दिवस कळा, मग डॉक्टरीणबाईंचा तो खाजगी दवाखाना, हिरवी भिंत, कुणीतरी हात दाबून धरलेला. मग काही नाही. त्यानंतर एकदम उजेड, कोरडा घसा, आणि उशाशी आई. आई म्हणाली, पोरगी झाली, नकट्या नाकाची. आणि रडली. सगळ्या आया रडतात. वडील, सदाशिवराव, दारात उभे होते, शर्टाच्या बाहीवर कुणाचं तरी रक्त. अनंत कधी आला? संध्याकाळी, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. पण संध्याकाळ होती की दुसरा दिवस? तो आत आला तेव्हा डॉक्टरीणबाईंशी बाहेर बोलून आला होता का? बोलला असेल तर काय बोलला? आठवणीत जिथं भोक होतं तिथं तिनं अनंतला उभं केलं, त्याच्या हातात पेन दिलं, आणि तो तिथं इतका चपखल बसला की तो तिथं नव्हता असं मानणंच अवघड झालं.

मग घर बदललं. म्हणजे दोन खोल्या, पडवी, मोरी, सगळं तेच. पण ती त्या घरात पाळतीवर राहायला लागली. अनंत आंघोळीला गेला की ती त्याची बॅग उघडायची. बॅगेत दुसरं काय असणार, कचेरीतले कागद. त्या वर्षी त्याच्याकडं एकच काम उरलं होतं. गावोगाव जायचं, ज्या घरी शेतकऱ्यानं जीव दिला तिथं पंचनामा करायचा, बायकोचा जबाब घ्यायचा, आणि प्रकरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र याची फाइल वर पाठवायची. तो संध्याकाळी येऊन गप्प बसायचा, जेवताना गप्प असायचा. आधी तिला त्याची कीव यायची. आता तिनं त्या फाइलींतले जबाब वाचले. प्रत्येक जबाबाच्या खाली एक अंगठा. 'वाचून दाखविले, बरोबर आहे.' ज्या बाईचा नवरा परवा गेला, तिला यानं काय वाचून दाखवलं असेल, आणि तिनं काय ऐकलं असेल? शुद्धीवर नसलेल्या बाईची निशाणी कशी घ्यायची, हे या माणसाला चांगलं येतं. हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली, पण विचार गेला नाही. त्याच्या उजव्या अंगठ्याला कधी कधी स्टँप पॅडची जांभळी शाई असायची. तो त्याच हातानं गुंजनची नखं कापायचा, पडवीत उन्हात बसून, एकेक बोट धरून, आणि रजनी स्वयंपाकघरातून बघत राहायची.

गुंजनच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्यानं सही करायला घेतली, तेव्हा तिनं ते त्याच्या हातून ओढून घेतलं. मी करते, म्हणाली. तो हसला. त्या हसण्यानं तिचं तोंड उघडलं. संध्याकाळ होती, गुंजन शेजारी खेळायला गेली होती.

"माझ्या ऑपरेशनच्या कागदावर सही तुम्ही केली होती?"

"कायची सही?"

हे म्हणण्याआधी तो थोडा थांबला होता, का थांबलाच नव्हता, यावर ती नंतर किती वेळ विचार करत राहिली. तिनं सगळं सांगितलं. एक्स-रे, बांधलेल्या नळ्या, डॉक्टरांचा प्रश्न. सांगताना तिचा आवाज चढला नाही. एखाद्याला त्याचाच गुन्हा वाचून दाखवावा तसं ती सांगत गेली. तो उभा होता, तो खाली बसला. म्हणाला, मी तर त्या दिवशी मतपेट्या घेऊन फुलसावंगीहून निघालो होतो, उमरखेडले पोचलो तं दुसऱ्या दिवशी सकाळी. तिला वाटलं, किती बारीक लक्षात ठेवलंय यानं. निर्दोष माणूस एवढं लक्षात ठेवतो का? ते तिच्या तोंडावर त्यानं वाचलं असावं.

"तुले असं वाटते माह्याबद्दल," तो म्हणाला. ते विचारल्यासारखं नव्हतं. मग उठून त्यानं पडवीतले वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, आणि त्या दिवसापासून तो तिच्याशी फक्त कामापुरतं बोलायला लागला. तिला तेही पुराव्यासारखंच वाटलं.

पुढच्या गुरुवारी ती एकटी उमरखेडला गेली. स्टँडवर उतरून माहेरच्या गल्लीत न वळता सरळ दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, हात थरथरायचे, बाळंतपणं बंद केली होती. तिनं नाव सांगितलं. त्यांना आठवेना, किंवा आठवत नाही असं दाखवत होत्या. जुने कागद माळ्यावर आहेत, पुन्हा या, म्हणाल्या. ती म्हणाली, मी इथंच बसते. आणि बसली. सकाळचे दहा ते दुपारचे दोन. शेवटी कंपाउंडर एक पिवळं पडलेलं पाकीट घेऊन खाली आला. केसपेपर होता, रक्ताच्या दोन बाटल्यांची नोंद होती, 'गर्भाशय फाटले, शिवले' असं लिहिलेलं होतं, आणि मागं टाचणीनं लावलेला एक छापील फॉर्म. मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय. खाली सही.

सही अनंतची नव्हती. सही रजनीची होती. म्हणजे नाव रजनीचं होतं. आधी एक लांब आडवी रेघ ओढलेली, आणि मग त्या रेघेखाली एकेक अक्षर टांगलेलं. अक्षरं संपली तरी रेघ पुढं गेलेली. असं जगात एकच माणूस लिहायचं. चौथीपर्यंत शिकलेली तिची आई, किराण्याची यादी, चुलत्याला पत्र, डब्यांवरची नावं, सगळं असंच लिहायची, आधी दोरी बांधून मग कपडे वाळत घातल्यासारखं. आणि नाव होतं 'रजनी सदाशिव'. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिनं स्वतः तीन वर्षांत एकदाही बापाचं नाव लावलं नव्हतं. त्या कागदावर तिचं लग्नच झालेलं नव्हतं. सासर नव्हतं, अनंत नव्हता, गुंजन नव्हती. आईनं घाबरून तिला, जिथून लग्नात दिलं होतं तिथंच, परत नेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या वेळी असंच चालायचं बाई, म्हणाल्या, पेशंटच्या माणसांना विचारायचं, जीव वाचवायचा. तू वाचलीस की नाही? रजनीनं विचारलं, मी शुद्धीवर आल्यावर तुम्ही मला का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, तुझ्या आईनं हात जोडले. त्यांनी कागदाची झेरॉक्स द्यायला नाही म्हटलं नाही, हेही तिला खटकलं. एवढ्या सहज का देतात?

माहेरी आई, लीलाबाई, ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. सदाशिवराव जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलीला अवचित दारात बघून त्या उठायला लागल्या, मग तिच्या हातातला कागद त्यांना दिसला आणि तशाच बसल्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही. रजनी येताना वाटेवर कितीतरी प्रश्न जुळवत आली होती, ते सगळे वाया गेले.

"डॉक्टरीण बाहेर आली," आई सुपाकडं बघत म्हणाली. "कोपरापर्यंत रक्त. म्हणे, पिशवी फाटली होती, शिवली, पोट उघडंच आहे. पुढच्या खेपेले ही वाचत नाही. काय करू ते आता सांगा. तुह्ये बाबा रक्त आणाले नांदेडले गेलते. जावई नाही. मी एकटी."

"मग तुझ्या नावानं करायची सही. माझ्या नावानं काहून केली?"

"नर्स म्हणे पेशंटचीच लागते."

"आणि नंतर? आठ वर्षं?"

आईनं तुरीतला एक खडा काढला आणि तो हातातच धरून ठेवला. तुले सांगितलं असतं तर तू जावयाले सांगितलं असतं, ती म्हणाली. जावयानं आईले सांगितलं असतं. एक पोरगी आणि पुढं काही होणार नाही, अशी सून घरात कोण ठेवते? कोणाले माहीत नसलं तर ती देवाची मर्जी असते. माहीत झालं की तो बाईचा दोष होतो. हे सगळं ती अशा स्वरात बोलत होती की जणू रजनीलाच एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही. रजनीनं विचारलं, मी उपास करायची, दोरे बांधायची, दर महिन्याला रडायची, ते तुला दिसत नव्हतं?

"दिसत होतं ना. तू सोमवार करायची, मीबी करायची. तू पोर मागत होती. मी मागत होती, का तुले हे कधी कळू नये."

रजनी चहा न घेता उठली. आई दारापर्यंत आली नाही. बसमध्ये तिला राग येत नव्हता, याचंच तिला नवल वाटत होतं. राग यायला समोर माणूस लागतो, आणि आईचं ते माणूस मोडून दोन झालं होतं. एक जिनं तिला वाचवलं, आणि एक जिनं आठ वर्षं तिला फसताना बघितलं. दोघींचा चेहरा एक होता. कुणाकडं पाहून रागवायचं? शिवाय अनंत होता. घरी तो होता, आणि त्याला आता सांगायचं होतं.

तिनं सांगितलं. कागद पुढं ठेवला. तो कचेरीतला माणूस, त्यानं तो वरून खालपर्यंत वाचला, छापील मजकूरसुद्धा. मग घडी घालून परत दिला. सासूबद्दल तो वाईट बोलला नाही, चांगलंही बोलला नाही. ती म्हणाली, माझं चुकलं, तुम्हाला तसं विचारायला नको होतं.

"तुनं विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "तुनं सांगितलं होतं."

त्यांचं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं, तो पुन्हा गुंजनच्या गमतीजमती सांगू लागला. पण कधी ती त्याच्याकडं सहज जरी पाहायला लागली तरी तो चेहरा वळवायचा. तो आता तिच्या पाहण्याला भीत होता. पुसदला विमलताई म्हणून एक वकीलबाई होत्या, त्यांच्याकडं ती दोनदा गेली. बाईच्या स्वतःच्या संमतीशिवाय नसबंदी करता येत नाही, नवऱ्याचीसुद्धा सही चालत नाही, असं त्यांनी समजावलं. डॉक्टरीणबाईंना नोटीस गेली. उत्तर आलं ते एका ओळीचं, की कागदावर रुग्णाची सही आहे. आता ती सही आपली नाही हे सिद्ध करायचं तर ती कुणाची हे सांगावं लागणार होतं. विमलताई म्हणाल्या, ठरवा. रजनीनं ठरवलं नाही, आणि न ठरवताच ते प्रकरण थांबलं. दिवाळीला ती माहेरी गेली नाही. पुढच्याही दिवाळीला नाही.

दोन वर्षांनी आई स्वतः आली, अगोदर न कळवता, हातात पिशवी. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईला पुन्हा रक्त जायला लागलं होतं, आणि ती ते चार महिने लपवत होती. लपवणं हा तिचा स्वभावच, रजनीच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिनं पाहिलं की आईचे ओठ पांढरे पडलेत. यवतमाळला नेलं. गर्भपिशवी काढावी लागेल, लवकर, गाठ कसली आहे ते काढल्यावरच कळेल, असं सांगितलं गेलं. उद्या सकाळी पहिला नंबर. नर्सनं व्हरांड्यात फॉर्म आणून दिला. मुलगी ना तुम्ही, इथं करा सही, म्हणाली, आजींना कायले त्रास.

पेन हातात होतं. आत कॉटवर आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. एक सही केली की संपणार होतं, उद्या याच वेळी ती बरी व्हायला लागली असती. रजनी आत गेली. तिनं फॉर्म आईला वाचून दाखवला, एकेक ओळ. पिशवी काढणार, भूल देणार, रक्त लागू शकतं, क्वचित जीवालाही धोका. वाचताना तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, सावकाश, स्वच्छ, आणि तिला शंका आली की आपण हे आईच्या भल्यासाठी वाचत नाही. आपण तिला दाखवतोय, बघ, असं करायचं असतं. ही विचारपूस आहे की सूड, हे तिला सांगता येईना. आईलाही बहुतेक तेच वाटत असावं, कारण ती फॉर्मकडं न बघता रजनीकडं बघत होती.

"आज नको," आई म्हणाली. "मले विचार करू दे."

नर्स वैतागली. नंबर दुसरीला गेला. दोघी परत महागावला आल्या, आणि त्या बसमध्ये रजनीच्या उजव्या हाताची बोटं नुसती वळवळत होती. सही करायला हवी होती. आपण करायला हवी होती. ही बाई मरेल आणि आपण तिला विचारत बसलो. ती भीती इतकी अंगभर होती, की त्या हिरव्या भिंतीच्या दवाखान्यात एका बाईचा हात कागदावर कसा चालला असेल ते तिला पहिल्यांदा आतून कळलं. माफ मात्र करता आलं नाही. कळणं आणि माफ करणं यांत एवढं अंतर असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

अकरा दिवस गेले. आई पहाटे उठून आपले कपडे धुवून वाळत घालायची, कुणी पाहू नये म्हणून, आणि रजनी अंथरुणात आवाज ऐकत पडून राहायची. मधूनच आई एखादा प्रश्न विचारायची. काढलेली पिशवी कुठं टाकतात? नंतर पाण्याची घागर उचलता येते का? कापताना समजते का? रजनी ठाऊक असेल ते सांगायची, नसेल ते दवाखान्यात फोन करून विचारायची. आई मुद्दाम वेळ काढतेय का, आपली परीक्षा घेतेय का, असं तिला वाटायचं. एकदा अनंत हळूच म्हणाला, तिले जोर देऊन सांग ना. रजनीनं त्याच्याकडं पाहिलं. या खेपेला त्यानं चेहरा वळवला नाही. तो म्हणाला, नाही, राहू दे, तिचं तिले ठरवू दे.

बाराव्या दिवशी सकाळी आई आंघोळ करून, केस विंचरून पडवीत बसली होती. चल, म्हणाली, करून टाकू. सही तिनंच केली. ऑपरेशन दोन तास चाललं. गाठ वाईट नव्हती, हे कळायला आणखी आठवडा गेला, पण ते पुढचं. त्या संध्याकाळी आई वॉर्डात भुलीतून हळूहळू बाहेर येत होती आणि रजनी उशाशी स्टुलावर बसून विचार करत होती. आई चुकली होती, आणि आपण जिवंत राहिलो. या अकरा दिवसांत काही झालं असतं तर आपण बरोबर ठरलो असतो, आणि आई नसती. तिनं पाण्यात बोळा भिजवून आईच्या ओठांवरून फिरवला. आईनं डोळे उघडले. बराच वेळ ती वर पंख्याकडं बघत राहिली.

"गुंजनले सांगशील का तू ते? माह्या त्या सहीचं?"

"मोठी झाली की सांगीन."

"सगळं?"

"सगळं."

आईनं डोळे मिटले, श्वास सावकाश केला. पण ती झोपली नव्हती, हे रजनीला कळत होतं.